साडेसदतीस दिवस

नऊ मेच्या सकाळी रोहिदास उतेकरनं पाचलाच उठून दाढी केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि ओसरीवर येऊन बसला. उजव्या घोट्यावरचा काळा पट्टा आज सुटायचा होता. दीडशे दिवस पूर्ण. कॅलेंडरवर त्यानं दीडशे फुल्या मारल्या होत्या, आणि एकही चुकलेली नव्हती, कारण घरात बसलेल्या माणसाला फुली मारण्यापलीकडे कामच काय असतं?

रोहिदास धरणाच्या फुगवट्यावर लाँच चालवायचा. नव्या सावरटपासून पलीकडच्या काठाला, दिवसातून चार फेऱ्या. गेल्या नोव्हेंबरात बारा माणसांच्या लाँचमध्ये त्यानं अठरा बसवली. उतरताना लाँच कलली आणि एका बाईचा पाय खुब्यात मोडला. त्यानं कोर्टात सरळ कबूल केलं. तुरुंग भरलेले असल्यामुळे सरकारनं नवा घरबंदीचा कायदा काढलेला होता, त्याखाली दीडशे दिवस मिळाले. पायात पट्टा, भिंतीवर एक करड्या रंगाचा खोका. अंगणातल्या फणसापर्यंत जायची मुभा. त्यापुढे पाऊल पडलं की खोक्यावरचा हिरवा दिवा लाल होणार. बायको लेकीच्या कॉलेजसाठी पनवेलला, त्यामुळे घरात तो आणि त्याचे वडील कोंडिबा, म्हणजे आबा, दोघंच. दोन बाप्ये एका घरात पाच महिने म्हणजे भांडणाला तोटा नसावा, पण या दोघांचं फारसं बोलणंच नसायचं. भांडायचं कशावरून?

मात्र मेच्या पहिल्या तारखेपासून आबांची जीभ सुटली होती. धरणाचे दरवाजे दुरुस्त करायला पाणी पार तळापर्यंत सोडलं होतं, धरण झाल्यापासून पहिल्यांदाच, आणि चिखलातून जुनं सावरट वर आलं होतं. सहासष्ट वर्षं बुडालेलं गाव. आबा तिथून निघाले तेव्हा नऊ वर्षांचे होते. गावातली सगळी म्हातारी माणसं नदीची उरलेली धार होडीनं ओलांडून, देवळाच्या पायरीला डोकं टेकून आली. आबा एकटेच थांबले होते.

"लेक सुटला की दोघं जाऊ," ते विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत. वीस तारखेपासून वरच्या धरणातलं पाणी सोडून फुगवटा पुन्हा भरायचा होता. नऊ ते वीस, म्हणजे हातात अकरा दिवस. आबांनी नवं धोतर काढून खुंटीला लावून ठेवलं होतं.

दहाच्या सुमारास जीप आली. तालुक्याच्या कचेरीतली तंत्रज्ञ उतरली, शर्वरी भोईटे, तिशीची, पाठीवर बॅग. ती पहिल्यांदाच या खोऱ्यात आली होती. एरवी महिन्यातून एकदा हवालदार यायचा, हिरवा दिवा बघायचा, वहीत सही करायचा आणि चहा पिऊन जायचा.

"काढून घेऊ या दादा, दहा मिनिटांचं काम," असं म्हणत तिनं खोक्याला वायर लावली आणि हातातल्या टॅबलेटवर बघितलं. मग वायर काढून पुन्हा लावली. दुसऱ्यांदा बघताना तिच्या कपाळाला आठी पडली.

"तुमचे अजून साडेसदतीस दिवस बाकी आहेत."

रोहिदास हसला. "मॅडम, मस्करी करताय व्हय?"

"नाही हो. याच्या हिशेबानं अजून एक एप्रिलची रात्र आहे."

रोहिदास उठला आणि कॅलेंडर काढूनच घेऊन आला. तिनं फुल्या बघितल्या, मोजल्याही. माणूस खरं बोलतोय हे तिला दिसत होतं, पण खोका भिंतीवर होता आणि कायदा खोक्याला विचारत होता.

"इथं वीज किती वेळा जाते?"

"वीज न्हाई जात. आता खोऱ्यात चोवीस तास असती."

"मग हा रोज अठरा तास चालून बंद का पडतो? दीडशेच्या दीडशे दिवस?"

रोहिदासनं आतल्या खोलीकडे बघितलं. मेन स्विच कोण पाडतं हे त्याला विचारायची गरज नव्हती.

आबांचा तो नेम होता. रात्री नऊ वाजले की सगळ्या घराचा मेन पाडायचा, पहाटे पाचला वर करायचा. रोहिदासला कळायला लागल्यापासून यात एका दिवसाचा खंड नव्हता. सावरट बुडवून वीज झाली, आणि सावरटच्या लोकांना ती मिळाली बावीस वर्षांनी. "ही वीज आपल्या गावावर हुबी हाय," आबा म्हणायचे, "झोपल्यावर सावरट कशाला जाळायचं?" उन्हाळ्यात पंखा बंद पडून पोरं घामानं भिजायची, सून कुरकुरायची, पाहुणे हसायचे. आबा ऐकायचे नाहीत. पुढे सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली की स्विच पडलेला कुणाला जाणवेनासा झाला. खोका आला त्या दिवशीही कुणाच्या मनात काही आलं नाही. खोक्याला स्वतःची बॅटरी होती, ती दोन तास पुरायची. नऊला स्विच पडायचा, अकराला खोका झोपायचा, पहाटे पाचला उठायचा.

"पण झोपला तर झोपला," रोहिदास म्हणाला. "उठल्यावर त्याला कळाया नको का, पाच वाजलेत म्हणून?"

शर्वरी ओसरीवर टेकली. "तेच तर कळत नाही त्याला. तुमच्या मोबाइलमध्ये, मोठ्या कॉम्प्युटरमध्ये एक बारकं घड्याळ असतं. आतमध्ये त्याची वेगळी बॅटरी असते. सगळं बंद केलं तरी ते आपलं टिकटिक करत राहतं. या खोक्यात तेच घातलेलं नाही. तेवढे पैसे वाचवलेत."

"मंग हा येळ कुठनं आणतो?"

"जागा असेल तोवर मोजतो. आत एक स्फटिक असतो, तो ठरावीक वेगानं थरथरतो, ती थरथर मोजून सेकंद होतात. वीज गेली की थरथर थांबली आणि मोजणीही थांबली. बंद होताना तो शेवटची वेळ कार्डावर लिहून ठेवतो. नाहीतर दर वेळी एकोणीसशे सत्तरच्या एक जानेवारीला जागा होईल, या जातीच्या यंत्रांची मोजणी तिथून सुरू होते. उठला की कार्ड वाचतो, थांबलो तेव्हाचीच वेळ आहे म्हणतो आणि तिथून पुढे चालू लागतो. घेरी आलेला माणूस शुद्धीवर येऊन अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करतो ना, तसं. मधले सहा तास त्याच्यासाठी झालेच नाहीत."

"आन् कुणी सांगायचं त्याला?"

"नेटवर्कनं. उठल्या उठल्या तो बाहेरच्या घड्याळाला वेळ विचारतो. शहरात हे खोके एका सेकंदानंही चुकत नाहीत. तुमच्या इथं टॉवर मंजूर होता, जानेवारीत उभा राहणार होता." ती खिंडीकडे बघत म्हणाली. तिथे टॉवरचा चौथरा होता, त्यावर कुणाची तरी शेळी उभी होती.

"रात्रीला सहा तास," रोहिदास बोटं मोजत म्हणाला. "चार रात्रीला एक दिस."

"हो. दीडशे रात्रींचे साडेसदतीस दिवस."

त्याला एकदम हलकं वाटलं. चूक कळली म्हणजे मिटली, असं साध्या माणसाला वाटतंच. "मंग आता बरोबर येळ लावा. तुमच्याकडं आसंल ना?"

शर्वरीच्या बॅगेत उपग्रहाकडून वेळ घेणारं एक यंत्र होतं. पण तिनं ते काढलं नाही. "लावते. एका मिनिटात लागेल. पण मग काय होईल ते आधी ऐका. खोक्याला कळेल की आज नऊ मे आहे. मग तो मागची नोंद बघेल, आणि त्याला नऊशे तासांची भोकं दिसतील. त्या तासांत तुमचा पट्टा जवळ असल्याची नोंद नाही. पट्ट्याला स्वतःची आठवण नसते. तो नुसता 'मी इथं आहे' म्हणून हाक देतो, ऐकायला खोका जागा पाहिजे. नोंद नाही म्हणजे तुम्ही घरी नव्हता. अठ्ठेचाळीस तासांच्या वर गैरहजेरी झाली की घरबंदी रद्द, तुरुंग, पहिल्या दिवसापासून. हे मी ठरवत नाही दादा, फाइल आपोआप जाते."

"सगळा गाव सांगंल मी हितं हुतो म्हणून!"

"सांगेल. सुनावणीत. कोर्टाला सुट्टी आहे, तारीख जुलैत लागेल. तोवर तुम्ही आत."

इकडे आड, तिकडे विहीर. खोक्याची खोटी वेळ मान्य करावी तर जूनच्या मध्यापर्यंत फणसाच्या आत. खरी वेळ लावावी तर तुरुंगात. रोहिदासनं पट्ट्यात बोट घातलं आणि ओढलं. पाच महिन्यांत त्यानं असं कधी केलं नव्हतं. आज त्याला त्या पट्ट्याचा, खोक्याचा आणि बापाचा असा काही संताप आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. म्हाताऱ्याची काटकसर! साऱ्या खोऱ्यात दिवाळी असली तरी यांच्या घरी नऊला अंधार. आणि त्या अंधारात आपण शहाण्यासारखे घोरत होतो.

"तिसरा काहीच रस्ता न्हाई?"

शर्वरीनं मान खाली घातली. "आहे एक. तो मी सुचवणार नव्हते. घरातल्या माणसानं खोका बंद पाडला तर एक अर्ज असतो. ते तास तुमच्या गैरहजेरीत धरत नाहीत. तुम्ही दोन दिवसांत सुटता. पण ज्यानं बंद पाडला, त्याच्या नावावर ते जातात. साडेसदतीस दिवस, पट्ट्यासकट. अर्जात नाव तुम्हीच लिहायचं असतं."

"माझंच नाव लिवतो. मीच पाडला म्हणतो."

"मग छेडछाडीचा गुन्हा. त्याला सरळ तुरुंग."

आतून कपबशी वाजली. आबा चहा घेऊन दारात उभे होते. ते कधीपासून उभे होते कोण जाणे. चहाला साय धरली होती.

"लिव माझं नाव," आबा म्हणाले.

"आबा, तुमी आत जा."

"मेन म्या पाडला. रोज पाडला. बाई, लिवा तुमी. कोंडिबा सखाराम उतेकर."

"माझी सही लागते त्यावर," रोहिदास ओरडला, "आन् मी करनार न्हाई! सदतीस दिवस मी काढीन. दीडशे काढलं, त्यात आनि सदतीस. तुमी जावा कुनाबरूबर तरी सावरटला. धोतर काढून ठिवलंय न्हवं? उद्याच जावा."

आबांनी चहाचा कप शर्वरीच्या हातात दिला, दुसरा लेकाच्या पुढ्यात ठेवला आणि खाली बसले. बसायला त्यांना आता भिंतीचा आधार लागत होता.

"मी जाऊन काय बघू?" ते म्हणाले. "मला दिसतंय की. डोळं मिटलं की दिसतंय. कुनाची भित कुठं, कुनाचा गोठा कुठं. मला बघायला जायचं न्हवतं रं. तुला दावायचं हुतं."

रोहिदासनं पुढ्यातला कप बाजूला सारला.

"चव्वेचाळीस वर्सं झाली तुला. त्या पान्यावरनं रोज चार खेपा करतोस. खाली काय हाय ते ठावं न्हाई तुला. मी येकटा बघून आलो, तर माझ्यासंगट जाईल ते. तू बघून आलास तर र्‍हाईल. दरवाजं पुन्यांदा पन्नास वर्सांनी दुरुस्त करतील. त्या येळंला तूबी नसशील."

"तुमाला पट्टा बांधून मी हिंडायला जाऊ? लोक काय म्हनतील?"

"लोकांनी सहासष्ट वर्सं काय म्हनायचं ते म्हनून घेतलंय." आबा शर्वरीकडे वळले. "पोरी, ह्यो माझ्या पायाला टोचंल का गं? मला साखर हाय."

शर्वरीनं कप खाली ठेवला. "आतून मऊ कापड लावून देईन आजोबा," ती म्हणाली.

जीप चारला परत जायची होती. साडेतीन वाजेपर्यंत रोहिदास फणसाखाली बसून होता. बापाचं नाव आपल्या हातानं लिहायचं, हे काही केल्या त्याच्याच्यानं होईना. आणि न लिहावं तर म्हातारा हट्टानं कुठेच जाणार नव्हता, ते तो ओळखून होता. अकरा दिवस असेच ओसरीवर बसून घालवील आणि पाणी चढलेलं बघत राहील. सुटकेचा एकच दरवाजा होता, आणि तो बापाच्या अंगावर लावून घेतल्याशिवाय उघडत नव्हता. जीपचा हॉर्न वाजला तेव्हा तो उठला आणि अर्जावर नाव लिहिलं. 'कोंडिबा' लिहिताना पेन नीट चाललं, 'नाते' या रकान्यात 'वडील' लिहिताना दोनदा थांबलं.

अकरा तारखेला शर्वरी पुन्हा आली. रोहिदासचा पट्टा सुटला. खाली पांढरी फटक कातडी होती. आबांच्या घोट्याला तिनं आधी मऊ कापड गुंडाळलं, मग पट्टा बांधला. खोक्यात तिनं नखाएवढी एक पट्टी बसवली, तिच्यावर गोल बटणासारखा सेल. आता खोक्याला खरं घड्याळ आलं होतं. स्वतःच्या पिशवीतून आणलेलं ते तिनं कचेरीला न विचारता बसवलं.

"आता वेळ चुकणार नाही," ती म्हणाली. "पण आजोबा, मेन पाडायचा नाही हं. वेळ बरोबर राहील, पण खोका झोपला तर तुमची नोंद होणार नाही. पुन्हा भोक पडेल."

त्या रात्री नऊला आबा बराच वेळ स्विचखाली उभे राहिले आणि त्याला हात न लावता अंथरुणावर जाऊन पडले. सकाळी त्यांचे डोळे लाल होते.

बारा तारखेला रोहिदास निघाला. लाँचचा परवाना अजून कचेरीत अडकलेला होता, म्हणून शेजारच्यांची वल्ह्याची होडी घेतली. निघताना आबांनी त्याला फणसापर्यंत पोचवलं आणि तिथे थांबून वाट सांगितली. दाव्याला बांधलेला बैल दावं जिथवर पोचतं तिथे आपोआप थांबतो, तसे ते थांबले.

"देवळाची दीपमाळ हुबी हाय म्हनत्यात. तिला पाठ लाव. त्वांड खिंडीकडं. सरळ चालत सुट, येक हीर लागंल. हिरीपासनं डाव्या अंगाला साठ पावलं. मोजून साठ. म्या रोज मोजायचो, शाळंतनं येताना. साठावं पाऊल दगडी उंबऱ्यावर पडतंय. उंबऱ्याच्या उजव्या कडंला खळगा हाय. म्या त्यात चिंचोकं फोडायचो."

"दिवा लावू?"

"नगं. नुसता हुबा र्‍हा."

जुनं सावरट म्हणजे मैलभर वाळलेला, भेगाळलेला चिखल होता. भिंतींच्या जागी दगडांच्या रांगा, मधून मधून शिंपल्या. ज्या पाण्यावरून त्यानं वीस वर्षं लाँच हाकली, त्याच्या तळाशी तो चालत होता आणि वर नुसतं आभाळ होतं. दीपमाळ सापडली. विहीर सापडली, गाळानं काठोकाठ भरलेली. तिथून त्यानं डावीकडे साठ पावलं टाकली. साठावं पाऊल चिखलात पडलं. तिथे काहीच नव्हतं. ना भिंत, ना पाया.

तो परत विहिरीशी आला आणि पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा थोडं उजवीकडून गेला. सूर्य डोक्यावर आला होता. आबांच्या आठवणीत गाळ भरलाय, त्याच्या मनात आलं. म्हाताऱ्यानं ज्याच्यासाठी पायात पट्टा बांधून घेतला ते इथे नाहीच. घरी जाऊन काय सांगायचं? सापडला म्हणून खोटंच सांगावं का?

तो विहिरीच्या काठावर बसला. आबा मोजायचे. शाळेतून येताना. आणि मग एकदम त्याच्या लक्षात आलं. आबा इथे शेवटचे चालले तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्यानंतर या वाटेवर त्यांचं पाऊल पडलंच नव्हतं. ते जसं होतं तसंच, तेवढंच, सहासष्ट वर्षं त्यांच्या डोक्यात लिहून राहिलं होतं.

रोहिदास उठला. टाच आणि चवडा यांत थोडंसंच अंतर ठेवत, लहान पोरासारखा तो चालायला लागला. लांबून कुणी बघितलं असतं तर या बाप्याला वेड लागलं म्हणाला असता. चाळीस, एक्केचाळीस. खांद्यावर दप्तर आहे असं समजून चालला. अठ्ठावन्न, एकोणसाठ. साठावं पाऊल कशाला तरी अडखळलं. खाली बसून त्यानं हातांनी गाळ उकरला. लांबट, घडीव दगड होता. उजव्या कडेला बोट फिरवलं आणि अंगठा एका गुळगुळीत खळग्यात बसला.

तो त्या दगडावर उभा राहिला. सांगितलं होतं तसा, नुसता उभा. रडू येईल असं त्याला वाटलं नव्हतं, पण ते आलं, आणि त्यानं ते थांबवलं नाही.

संध्याकाळी तो चढ चढून आला तेव्हा आबा फणसाला टेकून उभे होते. त्याच्यापुढे ते येऊ शकत नव्हते.

"घावला?"

"घावला. खळगाबी हाय."

"साठच झाली न्हवं?"

"तुमची साठच. माझी चाळीस झाली असती."

आबांना आधी उमगलं नाही. मग ते हसले, तोंडात दात नसलेलं हसू. "नऊ वर्सांचा हुतो न्हवं मी," ते म्हणाले, आणि हसता हसता त्यांनी फणसाकडे तोंड फिरवलं. तिकडूनच विचारलं, "पानी चढाया किती दिस?"

"आठ."

"आन् माझं?"

"छत्तीस." रोहिदासनं त्यांचा दंड धरून त्यांना घरात आणलं.

जेवणं झाली. नऊ वाजले. आबा उठले, सवयीनं भिंतीशी गेले आणि हात वर केला. रोहिदासनं जाऊन तो हात धरला. बापाचा हात त्यानं असा कधी धरला नव्हता.

"आबा, र्‍हाऊ द्या."

"सावरट जळतंय रं," आबा म्हणाले.

हे वाक्य त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं, आणि दर वेळी त्याला हसू आलं होतं. आज त्याच्या पायांना तिथला गाळ अजून लागलेला होता. त्यानं घरातले सगळे दिवे एक एक करून बंद केले, पंखा बंद केला, आणि काळोखात बापाचा हात धरून मेनच्या खाली बसून राहिला. भिंतीवर खोक्याचा हिरवा दिवा तेवढा जळत होता, आणि तो विझवायची दोघांनाही परवानगी नव्हती.